शांततेला दहापैकी दहा

"काकी, काका जे बोलतील तेच लिहायचं. तुमच्या मनाचं एक अक्षर त्यात घालायचं नाही."

माझ्या यजमानांच्या शेडचा तरुण मालक अभिनंदन, त्यानं मला हे बजावलं तेव्हा माझ्या एका हातात जपमाळ होती आणि दुसऱ्या हातात त्यानंच कोंबलेला कागद. कागदावर पट्टीनं चौकोन आखलेले. शांतता, गाण्याचा आवाज, फोनवरचं बोलणं, कानात बसणं, बॅटरी. प्रत्येकाला दहा मार्क. ओट्यावर दोन डब्या ठेवलेल्या, एक पांढरी आणि एक काळी, सुपारीच्या डबीएवढ्या. आत वायर नसलेली, कानात घालायची ती यंत्रं. एकेकाची किंमत आमच्या फ्रीजपेक्षा जास्त. फ्रीज निदान दूध तरी टिकवतो.

"यातली एक ठेवायची, एक दुकानदार परत घेणार," अभि म्हणाला. "शेडमध्ये व्यापाऱ्याचा फोन आला की मला एक शब्द कळत नाही. हे कानात घातलं की बाहेरचा आवाज बंद होतो म्हणे. खरं की खोटं, ते काका सांगतील."

"काकाच का?" मी विचारलं.

"काय म्हणालात?"

हे मला रोजचंच. मंदिरातल्या बायका म्हणतात, राजमतीकाकूंची वाणी किती मृदू! याचा अर्थ, मी काय बोलले ते कुणालाही कळलेलं नसतं.

"म्हटलं, काकाच का?"

"अहो, अख्ख्या इचलकरंजीत मगदूम जॉबरसारखा कान आहे का कुणाचा?"

हे मात्र खरं होतं, निदान तसं सगळे म्हणत. माझे यजमान भूपाल मगदूम छत्तीस वर्षं यंत्रमागाचे जॉबर. माग बिघडला की तो दुरुस्त करणारा तो जॉबर. बाकीचे जॉबर माग उघडून बघत, हे नुसते शेडमधून चालत जात आणि मध्येच थांबून म्हणत, "सतराचा धोटा आडवा लागतोय." सतरा नंबरचा माग उघडला की आडवा धागा नेणारा तो धोटा खरंच आडवा लागत असे. अभिच्या वडिलांनी त्यांना याच कानावर नोकरीला ठेवलं होतं, आणि आता अभि नवीन शेड टाकत होता तीही याच कानाच्या भरवशावर. सोमवारपासून बारा नवे माग सुरू होणार होते आणि हे तिथले मुख्य जॉबर. नाहीतर साठी झालीच होती. घरी बसायचं. शेड सुटली तर यांचं काय होईल, ते मला दिसत होतं. दिवाळीच्या चार सुट्यांतसुद्धा हा माणूस भिंतीला पाठ लावून बसायचा, पलीकडचे माग कधी सुरू होतात याची वाट बघत. आमच्या घराची मागची भिंत म्हणजे शेडचीच भिंत.

एवढा कीर्तिवंत कान. पण घरी येताना तो ते बाहेर चपलांशेजारी काढून ठेवत असावेत. गॅस संपलाय, हे मी त्यांना तीनदा सांगायची, आणि चौथ्यांदा ते विचारायचे, "आज स्वयंपाक नाही का?" चार वर्षं असंच चाललं होतं. आम्हा जैनांत दशलक्षण पर्वानंतर क्षमावाणी असते, वर्षभरातल्या चुकांची एकमेकांना क्षमा मागायची आणि करायची. मी यांना दरवर्षी मनातल्या मनात क्षमा करून टाकायची. ते काही मागत नसत, पण मी करायची. पुण्य कुणाच्या मागण्यावर थोडंच अडतं?

ही गोष्ट पाचेक वर्षांपूर्वीची, दशलक्षण पर्वातली. भाद्रपदातले ते दहा दिवस, एकेक दिवस एकेका गुणाचा. मी रोज सकाळी मंदिरात दर्शन घेऊन त्या दिवसापुरता एक नियम घेते. एखाद्या दिवशी तूप नाही, एखाद्या दिवशी मीठ नाही. आणि खोटं बोलायचं नाही, हा तर बारा महिन्यांचा.

बुधवारी पांढरी डबी निघाली. यांनी आंघोळीनंतर पुन्हा हात धुतले, जणू अभिषेकालाच बसायचं होतं, आणि भिंतीजवळच्या खुर्चीत बसले. सोबतची पुस्तिका नऊ भाषांत होती, मराठी सोडून. मी जुनी दहावी. लावून लावून वाचलं. कानात बसवायची मऊ बोंडं तीन मापांची होती.

"मोठं दे," हे म्हणाले. "जॉबरचा कान आहे."

बोंडं बसली. डबीवर हिरवा दिवा लागला. मी कागद पुढे ओढला.

"शांतता?" मी बोटानं चौकोन दाखवला.

यांनी डोळे मिटले. भिंतीपलीकडे चोवीस माग खडखडत होते, ओट्यावरची पेली थरथरत होती, आणि हे ध्यानस्थ मुनींसारखे बसले होते.

"दहा," डोळे न उघडता म्हणाले.

"गाण्याचा आवाज?"

फोनवर भजन लावलं. यांनी आवाज वाढवत वाढवत शेवटपर्यंत नेला. यांच्या कानातलं भजन मला स्वयंपाकघरात शब्दन् शब्द ऐकू येत होतं. "नऊ," हे म्हणाले. एक मार्क कुठे गेला, ते तेच जाणोत.

मग फोन. मी स्वयंपाकघरात गेले आणि माझ्या फोनवरून यांना लावला.

"हॅलो, मी राजमती."

पलीकडून काहीच नाही.

"ऐकू येतंय का?"

"येतंय." आवाज जरा घोगरा आला. "परत बोल."

"काय बोलू?"

"काहीही बोल. स्वयंपाकाचं बोल."

"पर्व आहे, हिरवी भाजी नाही. मुगाची आमटी केलीय. भाकरी तव्यावर आहे. ज्वारी यंदाची बरी निघाली, भाकरीला चिरा पडत नाहीत."

"आणखी?"

"आणखी काय? भाकरी करपतेय."

"करपू दे. बोल."

मी डोकावून बघितलं. हे मान खाली घालून, दोन्ही कानांवर दोन्ही हात ठेवून बसले होते. काम मन लावून करायची सवयच त्यांची. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा पुन्हा फोन लावायला लावला. लग्नाला पस्तीस वर्षं होत आली होती. माझ्या स्वयंपाकाची एवढी चौकशी या माणसानं कधी केली नव्हती. आता करत होता, तीही परक्याच्या यंत्रासाठी.

"मार्क?" मी बाहेर येऊन विचारलं.

"दहापैकी अकरा लिही."

"असं लिहिता येत नाही."

यांनी माझ्या ओठांकडे, मग हातातल्या पेनाकडे बघितलं. "मग दहा लिही आणि खाली जाड रेघ मार."

मी रेघ मारली. खोटं तर नव्हतं. करपलेली भाकरी मी खाल्ली.

गुरुवारी काळी डबी. तीच खुर्ची, तेच मिटलेले डोळे.

"दहा," हे म्हणाले. "कालच्यासारखीच शांतता. कणभर फरक नाही."

"गाणं?"

बराच वेळ फोनची बटणं दाबत बसले. "शून्य."

फोनवर मी दोन मिनिटं एकटीच बडबडले. मुगाची आमटी, भाकरी, ज्वारी, सगळं पुन्हा. बाहेर आले तर हे वैतागून हातातल्या फोनकडे बघत होते.

"शून्य. एक शब्द नाही आला तुझा."

"मग शांतता तेवढी दहा कशी?"

"शांतता वेगळी आणि गाणं वेगळं," असं एखाद्या परीक्षकाच्या थाटात सांगून ते शेडला निघून गेले.

मी काळी यंत्रं परत डबीत ठेवली. दिवा काही लागेना. पांढऱ्या डबीला लागला होता. पुस्तिका काढली, बोट ठेवून वाचलं. दिवा नाही म्हणजे चार्जिंग नाही. चार्जिंग नाही म्हणजे ती यंत्रं नव्हतीच, कानात घातलेले प्लॅस्टिकचे दोन खडे होते. खात्री करावी म्हणून मी ती स्वतःच्या कानात घातली. सगळी शेड माझ्या डोक्यात शिरली. खडखडाट जरासुद्धा कमी नाही. याला दहापैकी दहा!

मला राग आला. पर्वाच्या दिवसांत, माझ्या हातानं, या माणसानं खोटं लिहून घेतलं. नीट तपासायचं नव्हतं तर नाही म्हणायचं अभिला. पण नाही, कान मोठा ना!

दुपारी हे आले आणि माझ्याकडे पाठ करून पेपर वाचत बसले. कानात काहीही नव्हतं. मी मागे जाऊन उभी राहिले.

"काळ्या डबीला चार्जिंग नव्हतं," मी म्हणाले.

यांनी पान उलटलं.

"ऐकलंत का? खोटे मार्क दिलेत तुम्ही."

यांनी चष्मा पुसला. मला चेव आला. "माझी धाकटी बहीण येणार आहे. दोन महिने राहणार आहे."

पान उलटलं.

"तिच्या सासूलाही घेऊन येतेय."

माझ्या बहिणीच्या सासूचं नाव काढलं की हे जागच्या जागी उडायचे. ते शांतपणे बाजारभाव वाचत राहिले. मी पाठीमागून फिरून समोर आले. यांनी वर बघितलं.

"काय गं?"

मी मान वर करून, एकेक शब्द सोडवत म्हणाले, "काळ्या डबीत. चार्जिंग. नव्हतं."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग पेपरची घडी केली. घडीची पुन्हा घडी केली.

"किती दिवस?" मी विचारलं.

"जवळजवळ पुरतं गेल्याला चार वर्षं झाली. थोडं थोडं आधीपासून जात होतं."

"आणि माग? सतराचा धोटा, सगळं?"

यांनी भिंतीवर तळहात टेकवला. "हात ठेवला की कळतं. चालताना पायाला कळतं. आत्ता बघ, अकरा नंबर थांबला." मी कान दिले. मला चोवीस आणि तेवीसमधला फरक काय कळणार! "आणि शेडमध्ये त्या आवाजात कुणालाच काही ऐकू येत नाही. सगळेच ओठ बघून बोलतात, हातानं खुणा करतात. तिथं मला काही अडत नाही."

"घरी अडतं तेवढं."

"बाहेरचे सगळे ओरडून बोलतात, राजमती. तुझंच तेवढं येत नाही. तू खाली बघून बोलतीस. परातीशी, नाहीतर शेगडीशी."

मी तेव्हाही खालीच बघत होते. मान वर केली.

"आणि काल?"

"काल आलं." त्यांनी पेपरची घडी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "ज्वारी यंदाची बरी आहे म्हणालीस. चिरा पडत नाहीत."

चार वर्षांची क्षमा मी साठवून ठेवली होती, तिचं आता काय करायचं ते मला कळेना. चुकीच्या पत्त्यावर गेलेला माल तो. परत तर करता येत नाही.

"अभिला बोलू नकोस," हे म्हणाले. "हात आहे माझा. मी चालवून नेतो. शेड गेली तर मी काय करू, या भिंतीकडे बघत बसू?"

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. पर्वातला तो दिवस नेमका उत्तम सत्याचा. मी मंदिरात गेले आणि दुपारपर्यंत मौनाचा नियम घेतला. वरवर बघता फार सुंदर नियम. सत्याच्या दिवशी मौन! खरं कारण एवढंच, की अकरा वाजता अभि येणार होता आणि मला त्याच्याशी ना खरं बोलायचं होतं ना खोटं. देवाचा असा पडद्यासारखा उपयोग मी पहिल्यांदाच केला. शेजारच्या सुलोचनाबाई म्हणाल्या, "राजमतीकाकूंची साधना बघा!" मी नम्रपणे हात जोडले.

अभि आला. कागद वाचला.

"काळ्याला गाण्यात शून्य? काका, तुम्ही मास्तर व्हायला हवं होतं." मग माझ्याकडे वळला. "काकी, तुम्हालाही पटतात ना हे मार्क?"

मी ओठांवर बोट ठेवलं. त्यानं लगेच हात जोडले. "मौन का? चुकलो, चुकलो." यांनी सुटकेचा श्वास टाकला. आमचा घरचा धर्म किती सोयीचा आहे, ते मला त्या दिवशी कळलं.

"ठरलं मग, पांढरीच ठेवतो," अभिनं पांढरी यंत्रं काढून हातात खेळवली. "आणि काका, सोमवारी सातला नवीन शेड. माणसं सगळी नवी आहेत बरं का. आठ जणांनी तर आजवर मागाला हातसुद्धा लावलेला नाही. पट्ट्याजवळ हात कुठं घालायचा, कुठं नाही, काही माहीत नाही. पण मी बिनघोर आहे. कुणी नुसतं हां म्हटलं तरी तुमच्या कानावर येणार."

मला इराण्णा आठवला. वर्षापूर्वी जुन्या शेडमध्ये पट्ट्यात त्याचा हात सापडला होता. दोन बोटं गेली. हे तीन माग सोडून उभे होते, पाठ करून. त्या खडखडाटात कुणालाच ऐकू आलं नसतं, असं तेव्हा सगळे म्हणाले होते. मीही म्हणाले होते.

अभिनं यंत्रं कानात घातली. मी उठून उभी राहिले, मान वर केली, आणि माझं ते सुंदर मौन मोडलं.

"अभि, काकांना ऐकू येत नाही. चार वर्षं झाली. त्यांच्या भरवशावर कुणाला मागाजवळ उभं करू नकोस."

अभिनं माझ्याकडे बघून गोड हसून मान डोलावली. "वा काकी, स्वर्ग आहे हो! काही म्हणजे काही ऐकू येत नाही!"

मग एका कानातलं काढून म्हणाला, "काही म्हणालात का?"

आयुष्यात पहिल्यांदा मी घराबाहेरच्या माणसाकडे समोर बघून, स्पष्ट, मोठ्यानं बोलले होते. पर्वातला नियम मोडून बोलले होते. आणि चांगल्या कानाच्या माणसाच्या कानात तेव्हा दहापैकी दहा शांतता होती.

तोंड पुन्हा उघडायच्या आत हे म्हणाले, "जेवून जा म्हणतीय."

"मौन सोडून? नको, काकी. आज एकदाच जेवतोय, तेही घरी." त्यानं वाकून नमस्कार केला, काळी डबी खिशात टाकली आणि गेला. मी त्याच्यामागे धावले नाही. दाराची कडी धरून उभी राहिले.

यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

"सांगितलंस तू," हे म्हणाले.

मी मान वर केली. "तुम्हाला ऐकू आलं?"

"दिसलं."

मग मी इराण्णाचं नाव घेतलं. आवाज न काढता, नुसत्या ओठांनी. यांचा चेहरा असा झाला, की मला वाटलं, नसतं घेतलं तर बरं झालं असतं.

"लोक म्हणतात, कुणालाच ऐकू आलं नसतं," हे म्हणाले. "मला आलं असतं. आधीच्या कानानं मला आलं असतं, राजमती. मागातून माणसाचा आवाज वेगळा काढता येतो. मला यायचा." त्यांनी स्वतःच्या दोन बोटांवर अंगठा फिरवला. "त्याच्या घरावरून मी जात नाही. मळ्याकडून वळसा घालून जातो. तुला वाटत असेल, फिरायला जातो."

मला तसंच वाटत होतं. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हणून, असंही मी शेजारी सांगून ठेवलं होतं.

"मी पुन्हा सांगणार अभिला," मी म्हणाले. "उद्या. आणि तो कानात काही घालायच्या आत."

"तू नको." ते उठून माझ्यासमोर आले. "मी सांगेन. सोमवारी, मागाला हात लावायच्या आधी. माझ्या तोंडानं. तेवढं मला करू दे."

"देवाची शप्पथ घ्या."

"देवाची कशाला? तो कुठं नीट ऐकतोय? तुला सांगतो. तुला वचन."

मोडलेल्या मौनाचं प्रायश्चित्त विचारायला मी संध्याकाळी माताजींकडे गेले. त्या पर्वात आमच्या मंदिरात एक साध्वी मुक्कामाला होत्या. त्यांनी विचारलं, "बोललीस ते किती जणांनी ऐकलं?" मी म्हटलं, "कुणीच नाही, माताजी. एकानं पाहिलं." त्यांनी जरा विचार केला आणि तीन माळा सांगितल्या. शास्त्रात अशी सोय आहे की नाही, देव जाणे. मी केल्या.

शनिवार आणि रविवार आम्ही दोघंही फार थोडं बोललो, पण जे बोललो ते समोरासमोर. हे मधूनच म्हणायचे, "पदर तोंडावरून काढ." शेजारणीनं ते ऐकलं आणि या वयात काय हे, अशा नजरेनं माझ्याकडे बघितलं. मी खुलासा केला नाही. खोटं बोलायचं नाही, एवढाच माझा नियम होता. सगळं खरं सांगत सुटायचं, असा नव्हता.

सोमवारी हे साडेपाचला उठले. आंघोळ केली. शेडला जाताना घालायचे ते तेलाचे डाग पडलेले कपडे मी रात्रीच खुंटीला अडकवून ठेवले होते, त्यांना हात लावला नाही. लग्नकार्याला घालायचा पांढरा शर्ट काढला, गळ्यापर्यंत बटणं लावली. मी चहा दिला. अर्धाच प्यायले.

"डबा?" मी समोर उभं राहून विचारलं.

यांनी नको म्हणून मान हलवली.

मी दारात आले. आमच्या गल्लीच्या टोकाला रस्ता फुटतो. उजवीकडे नवीन शेड, डावीकडे अभिचा बंगला. एव्हाना सातची पाळी भरायला लागली होती, माणसं उजवीकडे वळत होती, यांना बघून हात वर करत होती. हे प्रत्येकाला हात करत गेले. टोकाला पोचल्यावर थांबले. एक क्षण मला वाटलं, मागे वळून बघतील. निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नसते, आणि मारली असती तरी काय उपयोग होता म्हणा.

त्यांनी शर्टाचं वरचं बटण चाचपलं आणि ते डावीकडे वळले.